अर्ध्या हळकुंडाचा प्रयोग

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांना जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची: खोटं वजन आणि सुई. त्यातल्या खोट्या वजनाची भीती खरं तर दुकानदारांना वाटायची, निरीक्षकांचा त्यावर पगार चालायचा. म्हणजे उरली सुईच. शाळेत लस टोचायला आलेल्या नर्सबाईंनी नुसता कापूस ओला केला, तेवढ्यावर ते वर्गात आडवे झाले होते. पुढे त्याच शाळेत त्यांनी वक्तृत्वाची दोन बक्षिसं मिळवली, पण वर्गाच्या लक्षात राहिलं ते आडवं होणंच. ही सगळी हकिगत निरीक्षक हल्ली स्वतःच रंगवून सांगतात. आम्ही तिच्यातला त्यांचा शहाणपणा तेवढा जरा कमी केला आहे, आणि तोही त्यांच्याच सांगण्यावरून.

तर झालं असं, की डॉक्टरांनी त्यांचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, आता काहीतरी वाईट कानावर येणार.

"साखरेची तीन महिन्यांची सरासरी आठ पूर्णांक सहा," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चालू असून ही तऱ्हा. पथ्य पाळता ना?"

"पाळतो की."

शेजारच्या खुर्चीवर बायको बसली होती. तिने नुसतं छताकडे पाहिलं, आणि पिशवीतली बाटली काढून घटाघटा पाणी प्यायली. डॉक्टरांना तेवढ्यावरून जे कळायचं ते कळलं.

"आणखी तीन महिने देतो. साडेसातच्या खाली आली तर ठीक. नाहीतर इन्सुलिन. रोज सकाळी एकदा, पोटात टोचायचं."

"पोटात?"

"मांडीत टोचलं तरी चालतं."

निरीक्षकांना असली सवलत नको होती. परत येताना ते तीन महिन्यांचे दिवस मोजत होते आणि बायको दर मजल्याला पायरीवर टेकत होती. "उन्हानं होतं," ती म्हणाली. "उन्हानंच," निरीक्षक म्हणाले, आणि पुन्हा मोजायला लागले.

जिन्यातच वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भेटले. मास्तरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण शिकवण्याची खोड काही निवृत्त झाली नव्हती. समोर विद्यार्थी नाहीत म्हटल्यावर त्यांनी अख्खी इमारतच वर्गात घेतली होती. चेहऱ्यावरूनच ओळखून ते म्हणाले, "साखर ना? हळद घ्या. कॅप्सूल मिळतात. माझ्या मेहुण्याच्या साडूची साखर हळदीनं उतरली."

"किती उतरली?"

"उतरली म्हणजे उतरली. आकडे कसले विचारता?"

आता, आकडे कसले विचारता, हे वजनमापांच्या माणसाला म्हणणं म्हणजे गवयाला सूर कशाला लावता म्हणण्यासारखं आहे. निरीक्षक सव्वीस वर्षं दुकानोदुकानी हिंडून काटे तपासत आले होते. "साहेब, केसाएवढाच फरक आहे," असं कोणी हात जोडून म्हणालं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "केस तर केस. कमी म्हणजे कमी." हळदीच्या बाबतीतही त्यांनी तेच धोरण ठेवायचं ठरवलं. ऐकीव गोष्टीवर जायचं नाही, आपणच शास्त्रशुद्ध प्रयोग करायचा. घरी हा बेत जाहीर केला तेव्हा बायको म्हणाली, "पी हळद आणि हो गोरी." निरीक्षकांनी ते टिपणवहीत लिहून घेतलं नाही.

दुसऱ्याच दिवशी औषधवाल्याकडून साठ कॅप्सूलची बाटली आली. बाटलीवर लिहिलं होतं, प्रत्येकी पाचशे मिलिग्रॅम. निरीक्षकांनी ती आधी कचेरीत नेली आणि काचपेटीतल्या नाजूक काट्यावर एकेक कॅप्सूल फोडून आतला माल तोलला. एकीत चारशे बारा, दुसरीत चारशे चाळीस, तिसरीत तीनशे नव्वद. दहा कॅप्सूल तोलल्या, दोन कॅप्सूलचा मेळ बसेना. त्यांचं डोकं तडकलं. आपल्या आजाराचं राहू द्या, पण हे वजनमापात खोटं होतं.

त्यांनी रीतसर अहवाल लिहून वरिष्ठांपुढे ठेवला. वरिष्ठांनी तो पहिल्या ओळीपुरता वाचला. "बाटलीवर संख्या साठ लिहिली आहे. साठ निघाल्या का?"

"निघाल्या."

"मग आपलं खातं संपलं. आतल्या मालाचं औषध खातं बघेल."

औषध खात्याचं उत्तर अठरा दिवसांनी आलं: हे औषध नसून पूरक आहार आहे, सबब अन्न खात्याकडे जावे. अन्न खात्याने कळवलं, की माल कॅप्सूलच्या स्वरूपात असल्याने औषध खात्याचे मत घ्यावे. आणि सोबत तक्रारीतला नमुना पाठवावा, तो जोडलेला दिसत नाही. नमुना जोडलेला नव्हता, कारण उरलेल्या पन्नास कॅप्सूल तोवर तक्रारदाराने खाऊन टाकल्या होत्या. साखरेला मुदत होती ना. सरकारी पत्रव्यवहारात 'नमुना पोटात आहे' असं लिहायची सोय नाही, म्हणून ते प्रकरण तिथेच मिटलं.

मग निरीक्षकांनी ठरवलं, आपली कॅप्सूल आपणच भरायची. औषधवाल्याकडून रिकाम्या कॅप्सूल आणल्या, चांगल्यातली हळद दळून आणली, आणि कचेरीतून बाद झालेला एक छोटा काटा रीतसर पावती करून घरी आणला. जेवणाच्या टेबलावर कारखाना सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला बसायचं आणि दुपारपर्यंत आठवड्याचा साठा भरायचा. बरोबर पाचशे, ना कमी ना जास्त. हळदीला मात्र ही शिस्त मान्य नव्हती. ती नखांत गेली, कानामागे गेली, टेबलाच्या भेगांत जाऊन बसली. नळाची तोटी पिवळी, दाराची कडी पिवळी, कॅलेंडरावरच्या तारखा पिवळ्या. बायकोने दोन फडकी वाया घालवली आणि तिसरं निरीक्षकांच्या हातात दिलं.

पिवळेपणा कचेरीपर्यंतही पोचला. तपासलेल्या काट्यांच्या दाखल्यांवर निरीक्षकांचा अंगठा उमटायला लागला. एका किराणा दुकानदाराने भोळेपणाने विचारलं, "साहेब, यंदा सरकारनं शिक्का पिवळा केला का?" मग दुसऱ्यानेही विचारलं, आणि तिसऱ्याने आपला दाखला खोटा असल्याच्या शंकेने थेट वरिष्ठांना दाखवला. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागवला. निरीक्षकांनी तो तीन पानी लिहिला, त्यात स्वतःच्या साखरेचे आकडे दिले. खुलासा वरिष्ठांकडून टायपिस्टकडे आणि टायपिस्टकडून सबंध कचेरीत गेला. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना पाठीमागे 'हळदसाहेब' म्हणायला लागले, आणि आठवडाभरात समोरही.

तेवढ्यात मास्तरांना नवीन आठवलं. "नुसती हळद अंगी लागत नाही हो. मिरपूड हवी बरोबर, त्याशिवाय ती रक्तात उतरत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुम्ही विचारलं कुठे?"

त्या सुट्टीला मिरपूड टेबलावर आली. एकवीस कॅप्सूल आणि हळदीचा डबा उघडा मांडलेला, मास्तर पांढरा शर्ट घालून देखरेखीला समोर बसलेले, आणि निरीक्षकांना शिंक आली. ती त्यांनी पहिल्यांदा परतवली. दुसऱ्यांदाही परतवली. तिसरी आली ती मागच्या दोघींना बरोबर घेऊन आली. पुढचे काही क्षण घरात कोणाला कोणी दिसत नव्हतं. हळद खाली बसली तेव्हा मास्तरांच्या शर्टाचा पुढचा भाग पिवळा झाला होता आणि पाठ पांढरी होती. मास्तर उठून जाताना एवढंच म्हणाले, "मिरपूड जरा कमी घ्या."

पण ह्या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट राहिलीच. काटा म्हटला की पारडी दोन. एकात तपासायचा माल, दुसऱ्यात प्रमाण वजन, म्हणजे खात्याने खरं मानलेलं वजन, ज्याच्यावर बाकी सगळी जोखायची. प्रयोगालाही असं दुसरं पारडं हवं होतं. एकाने हळद घ्यायची, दुसऱ्याने घ्यायची नाही, आणि शेवटी दोघांची साखर शेजारी शेजारी मांडायची. ह्या दुसऱ्या पारड्यात निरीक्षकांनी बायकोला बसवलं. ती धडधाकट. तीस वर्षांत स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढली नव्हती.

"तू प्रमाण वजन," ते म्हणाले.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काहीच नाही. नेहमीसारखं राहायचं."

"ते मी तीस वर्षं करतेच आहे," बायको म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

मास्तरांनी त्यावेळी एक प्रश्न विचारला होता, हे नोंदवायला हवं. "वहिनींची साखर आधी तपासून घेतलीत का?" निरीक्षकांनी मास्तरांकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "मास्तर, प्रमाण वजन तपासायचं नसतं. त्याच्यावर बाकीची तपासायची असतात." मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसले. निरीक्षकांना तो आपला विजय वाटला.

प्रयोग बिघडू नये म्हणून निरीक्षकांनी स्वतःवर कडक नियम लावले. भात तोलून घ्यायचा, एका वेळी एकशे वीस ग्रॅम. ताटात जास्त पडला तर काट्यावर उतरवायचा. चहात साखर नाही, कारण तीन चमचे साखरेने आकडे गढूळ होतात. बिस्किटं बंद. जेवण झाल्यावर हजार पावलं, मोजून. ह्याला पथ्य म्हणायला ते मुळीच तयार नव्हते. पथ्य डॉक्टर सांगतात, ही तर पद्धत होती. सवयीने बायको त्यांच्या चहात तीन चमचे घालून बसायची. मग ते म्हणायचे, "अगं, प्रयोग." आणि ती तो कप स्वतःकडे ओढून त्यांना दुसरा करून द्यायची.

साखर उतरायला लागली. दर रविवारी बायको त्यांचं बोट टोचून छोट्या यंत्रावर आकडा बघायची. निरीक्षक तोवर डोळे मिटून मनात पाढे म्हणायचे. दोनशे दहाचे एकशे ऐंशी झाले, एकशे ऐंशीचे एकशे पंचेचाळीस. झालं, निरीक्षक अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. तसे ते आधीच सगळीकडून पिवळे होते, उरलेसुरलेही झाले. इमारतीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना त्यांनी उठून हळदीवर वीस मिनिटं भाषण केलं. शाळेनंतर पहिल्यांदाच लोकांनी त्यांचं ऐकून घेतलं. सहा बिऱ्हाडांनी कॅप्सूल मागितल्या. एकजण म्हणाला, "मग डॉक्टरच्या गोळ्या सोडू का?"

"अजिबात नाही," निरीक्षक दरडावून म्हणाले. "एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर तक्ता कसा जुळायचा?"

ह्या एका वाक्याचं पुण्य त्यांच्या खात्यावर आहे. बाकी त्या तीन महिन्यांत फारसं काही नाही.

मुदत भरली. निरीक्षक बायकोला घेऊन रक्त तपासणाऱ्यांकडे गेले. तक्त्यात प्रमाण वजनाचा रकाना रिकामा होता, तो भरल्याशिवाय तक्ता शोभला नसता. "माझं कशाला?" बायको म्हणाली. "शोभेला," निरीक्षक म्हणाले. सकाळी दोघांचं रक्त घेतलं, निरीक्षकांनी भिंतीकडे तोंड करून सतराचा पाढा तीनदा म्हटला, आणि दुपारी रिपोर्टची दोन पाकिटं हातात आली.

त्यांनी आधी आपलं फोडलं. सात पूर्णांक चार. साडेसातच्या खाली. सुई टळली. बाकावर रिपोर्टची वाट बघणाऱ्या आठदहा अनोळखी माणसांना त्यांनी उभ्याउभ्या हळदीचं माहात्म्य ऐकवलं, मिरपुडीसकट. मग तक्ता पुरा करायचा म्हणून बायकोचं पाकीट फोडलं.

दहा पूर्णांक आठ.

निरीक्षकांनी कागद उलटा करून पाहिला. मग खिडकीशी असलेल्या बाईंकडे गेले. "अदलाबदल झाली आहे."

"नाही झाली. नावं आहेत, नंबर आहेत," बाई म्हणाल्या.

"नंबर मलाही कळतात. सव्वीस वर्षं तेच करतोय. हा दहा-आठवाला माझा आहे."

"अहो काका, तुमचा तर चांगला आला आहे."

"तो तिचा. तिला काही होत नाही. कधी झालेलं नाही. हा वाईट आहे तो माझाच आहे, तुम्ही नीट बघा."

बाकावरची माणसं आता हळद विसरून ऐकायला लागली होती. दहा-आठ आपला ठरला तर उद्यापासून पोटात सुई, हे निरीक्षकांना लख्ख दिसत होतं. तरी ते इरेला पेटले. आयुष्यात कुठल्याही गोष्टीसाठी त्यांनी इतका जीव टाकला नसेल. बायको मागून बाही ओढत म्हणाली, "अहो, चला ना, लोक बघतायत." त्यांनी ती बाही सोडवून घेतली आणि कोपरापर्यंत वर सारली.

"पुन्हा घ्या रक्त. आत्ता. माझ्या डोळ्यांसमोर."

बाईंनी सुई काढली. निरीक्षकांनी ह्या खेपेला भिंतीकडे पाहिलं नाही. नळीत रक्त चढताना, तिच्यावर चिठ्ठी डकवताना, ती ठोकळ्यात उभी करताना ते पापणी न हलवता बघत राहिले, कारण लक्ष चुकलं तर पुन्हा अदलाबदल व्हायची. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःची सही केली. "लाख मिळेल का, सील करायला?" असंही विचारलं. लाख नव्हती. मग बायकोचं रक्त घेतलं. ती तेवढ्या वेळात अख्खी बाटली पाणी प्यायली.

दोन तास ते बाकावर बसून होते. कोणी हळदीबद्दल विचारलं, तर ते घड्याळाकडे बोट दाखवत. दोन तासांनी पुन्हा दोन पाकिटं आली. सात-चार. दहा-आठ. केसाचाही फरक नव्हता.

निरीक्षकांना रडू आलं. भर खोलीत, पिवळ्या हातांनी डोळे पुसत ते रडले, आणि डोळ्यांत हळद गेल्यामुळे आणखी रडले. बायकोने पदराने त्यांचं तोंड पुसलं. "मेले नाही मी अजून," ती म्हणाली.

डॉक्टरांनी संध्याकाळी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, अगदी तक्त्यात हवे होते तसे, आणि चष्मा काढला. पण ह्या वेळी ते निरीक्षकांशी बोललेच नाहीत. "तहान फार लागते का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"लागते."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"दिसायला नीट दिसतं?"

"सुईत दोरा ओवता येत नाही हल्ली. अंधुक दिसतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ह्यांचं चाललं होतं ना," बायको म्हणाली. "एका घरात दोघांचं दुखणं कुठे काढायचं?"

निरीक्षक खुर्चीत लहान होत चालले होते. त्यांनी कसाबसा तक्ता पुढे केला. "पण डॉक्टर, निदान हळदीचं तरी... माझी उतरली ती?"

"हळदीनं थोडीफार उतरते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. किती ते अजून कोणी खात्रीनं सांगत नाही. तुम्ही साखर सोडलीत, भात तोलून खाल्लात, रोज चाललात. त्यातलं काय लागू पडलं, ह्या तक्त्यावरून कसं कळायचं?" डॉक्टर थांबले. "आणि ताटातून उतरवलेला तो भात कुठे जायचा?"

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्या ताटात," ती म्हणाली. "अन्न टाकायचं का? आणि तो चहा पण."

म्हणजे तीन महिने एका पारड्यातलं काढून दुसऱ्यात टाकणं चाललं होतं, आणि काटे तपासणारा माणूस समोर बसून एकाच पारड्याकडे बघत होता. त्याहून मोठी लाज वेगळीच होती. खात्यातलं प्रमाण वजनसुद्धा ठरलेल्या मुदतीला पेटीत घालून वरच्या प्रयोगशाळेत पडताळणीला जातं. न पडताळलेल्या प्रमाणावर घेतलेली मापं रद्द धरावीत, हे कलम निरीक्षकांना तोंडपाठ होतं. ह्याच कलमाखाली त्यांनी एका कनिष्ठाची बढती अडवली होती. तीस वर्षं घरातलं प्रमाण वजन त्यांनी एकदाही पडताळणीला नेलं नव्हतं.

"सुरुवातीचे काही महिने इन्सुलिन घ्यावं लागेल," डॉक्टर बायकोला म्हणाले. "मग बहुधा गोळ्यांवर येता येईल. रोज सकाळी आठ युनिट. पण सिरिंजवरच्या रेघा बारीक असतात. तुम्हाला दिसतील?"

"नाही दिसायच्या," ती म्हणाली.

मग डॉक्टर आणि बायको, दोघंही निरीक्षकांकडे बघायला लागले. बारीक रेघा वाचण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात दुसरा कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचं टेबल घासून पुसून मोकळं केलं. हळदीचा डबा माळ्यावर गेला. डॉक्टरांकडच्या नर्सबाईंनी शिकवलेलं निरीक्षकांनी कागदावर अकरा कलमांत उतरवून भिंतीला लावलं होतं. बायको खुर्चीत बसली. दारात मास्तर उभे होते. "मी म्हणतो, टोचण्यापूर्वी मेथीचं पाणी..."

"मास्तर, घरी जा," निरीक्षक म्हणाले. मास्तर गेले.

निरीक्षकांनी औषध ओढलं, सिरिंज खिडकीकडे धरली, टिचकी मारून बुडबुडा घालवला. बायकोने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यांच्या ते लक्षात आलं. हल्ली त्यांच्या लक्षात येत होतं.

"तू घाबरलीस का?"

"मला पहिल्यापासूनच सुईची भीती वाटते."

"मग माझं बोट दर रविवारी टोचायचीस ती?"

"दोघांनीही घाबरून कसं चाललं असतं?"

निरीक्षकांनी कापसाने जागा पुसली. स्पिरिटचा वास आला, तेव्हा शाळेतला पुढचा मागचा सगळा वर्ग त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पण ते स्वतःही उभे राहिले.

"आठच आहेत ना?" बायकोने विचारलं.

"आठ म्हणजे आठ. ना कमी ना जास्त."

"मग टोचा की."

"टोचतो."

"अहो, पण आधी डोळे तर उघडा."